साप कुठे ठेवायचा ते कोण ठरवतं

बायकांच्या सार्वजनिक टॉयलेटच्या प्रश्नावर एक खेळ बनवायचा, पट, सोंगट्या, नाणी सगळं असलेला, असं कुणाला सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं येतं, खेळ कशाला बनवताय, त्या पैशात टॉयलेट बांधा की. हे उत्तर मला पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहिते. "बांधा की" म्हणणाऱ्याने आधीच धरून चाललेलं असतं की अडचण फक्त संख्येची आहे, जागा नाही, फंड नाही, माणसं जास्त. संख्या कमी आहेच, त्यावर वाद नाही. पण जिथे टॉयलेट बांधलेलं आहे, नळ आहे, लाईट आहे, पाटी आहे, तिथेही बाई आत जाऊ शकत नाही हे रोज घडतं आणि ते नियमांमुळे घडतं, कुणीतरी ठरवलेल्या, कुठेतरी लिहिलेल्या किंवा न लिहिता वर्षानुवर्षं चालवलेल्या. भिंत दिसते, कुलूप दिसतं, घाण दिसते, नियम काही दिसत नाही. तो दिसायला हवा असेल तर समोरच्याला तो खेळायला लावावा लागतो, माझं म्हणणं एवढंच आहे.

मुंबईचंच घ्या. २०११ साली 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, मोहीम सुरू झाली, त्यात कोरो होती, बाकी बऱ्याच संस्था होत्या, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या बायका होत्या. त्यांनी जे समोर आणलं ते सगळ्यांना माहीत होतं पण त्याकडे नियम म्हणून कुणी बघितलं नव्हतं, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना लघवीसाठी सुद्धा पैसे, कुठे दोन, कुठे पाच. विचारलं की कारण तयार असतं, पुरुष मुतारीत उभा असतो, तो लघवीलाच आलाय हे दिसतं, बाई दार लावून आत जाते मग ती कशासाठी गेली हे बाहेर बसलेल्याला कसं कळणार, म्हणून सरसकट पैसे घ्या. आता हा नियम कुणी दुष्टपणाने केला असं मी म्हणत नाही. टेंडर काढताना, नकाशा काढताना त्या टेबलावर बाई नव्हती एवढंच झालं असेल, पण एकदा ते पैसे यायला लागले की कंत्राटाचा हिशेब त्यावर उभा राहतो आणि मग तो नियम कुणी हलवायला तयार होत नाही. दिवसभर रस्त्यावर असणारी भाजीवाली, मच्छीवाली, नाक्यावर कामाची वाट बघत उभी राहणारी बाई, तिने दिवसातून तीन-चार वेळा जायचं म्हटलं आणि दर पाच रुपये असेल तर महिन्याचे चार-पाचशे रुपये फक्त लघवीचे होतात. तिच्या शेजारच्या गाडीवाल्याचे शून्य.

फंड नाही म्हणून असं होतं हे सांगणाऱ्यांसाठी अ‍ॅम्स्टरडॅमची गोष्ट. ते शहर काही गरीब नाही. तिथे एका तरुणीला रात्री उघड्यावर लघवी केली म्हणून दंड झाला, तिने कोर्टात सांगितलं की जवळपास बायकांसाठी टॉयलेटच नव्हतं, तर २०१७ साली न्यायाधीशांनी तिला सांगितलं की तू पुरुषांची मुतारी वापरू शकली असतीस. मग तिथल्या बायकांनी रस्त्यावरच्या त्या लोखंडी, वरून उघड्या, उभ्याने वापरायच्या मुताऱ्यांमध्ये बसून दाखवायचा प्रयत्न केला आणि फोटो काढून टाकले. त्यात भाषण नव्हतं, घोषणा नव्हती, नियम पाळून दाखवला फक्त आणि नियम किती अशक्य आहे ते उघडं पडलं. मला खेळाकडून अगदी हेच हवंय.

कायदा तर आता आपल्या बाजूला आहे. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने याचिका केली होती, त्यावर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने महापालिकांना बजावलं की रस्त्यावर, बाजारात बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित टॉयलेट देणं तुमचं काम आहे. १५ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने देशातल्या सगळ्या कोर्टांमध्ये टॉयलेटची सोय करायचा आदेश देताना हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, कलम २१ चा, असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे कागद भक्कम आहे. पण महाराष्ट्रात राहणाऱ्याला तरी कागद आणि प्रत्यक्ष यातलं अंतर नव्याने सांगावं लागू नये. १९२३ मध्ये सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत जावं लागलं, त्यानंतर लोकांना मार खावा लागला आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. टॉयलेटच्या प्रश्नाची आणि अस्पृश्यतेची बरोबरी मी करत नाहीये, करूच शकत नाही. पण "सोय आहे की, ठराव झालाय की" या उत्तराला पुरून उरायचं कसं ते महाडने शिकवलंय, तिथे प्रत्यक्ष वापरून दाखवणं हाच युक्तिवाद होता.

आता खेळाकडे येते.

आम्ही काही मैत्रिणींनी सापशिडीपासून सुरुवात केली कारण ती सगळ्यांना येते, नियम समजावायला वेळ जात नाही, आणि कापडावर रंगवली तर घडी घालून पिशवीत टाकता येते, बाजारात, स्टँडवर, वॉर्ड ऑफिसच्या बाकावर कुठेही पसरता येते. शिवाय सापशिडी आपलीच. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, तो ज्ञानेश्वरांनी तयार केला असं परंपरा सांगते, कवड्या टाकून खेळायचा, शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे काम, क्रोध, लोभ, मत्सर, सगळे खेळणाऱ्याचे स्वतःचे अवगुण, आणि वर गेलात की मोक्ष. पुढे एकोणिसाव्या शतकात हा खेळ इंग्लंडला गेला, तिथे त्यांनी आपल्या नीतीकथा त्यावर छापल्या, आणि हळूहळू साप आणि शिड्या उरल्या, नावं गेली.

पण इथेच पहिली अडचण आली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मोक्षपटात जो पडतो तो स्वतःच्या दोषाने पडतो, आणि आजच्या सापशिडीत जो पडतो तो फाशामुळे, म्हणजे नशिबाने पडतो. बाईला टॉयलेट मिळत नाही तेव्हा समाज नेमकी हीच दोन उत्तरं देतो, एक तर तिचा दोष, घरून जाऊन यायचं ना, एवढं पाणी कशाला प्यायचं, इतका वेळ बाहेर राहायचं कशाला, नाही तर नशीब, आता नाही इथे सोय त्याला कोण काय करणार. आम्ही साधा फासा ठेवून खेळून बघितलं तर खेळणारे अगदी तसंच बोलायला लागले, अरे बापरे माझा फासाच वाईट पडतोय. म्हणजे आपण ज्याच्यावर बोट ठेवायला निघालो तेच खेळाने झाकून टाकलं. मग फासा काढून टाकला. फासा काढल्यावर सापशिडी उरते का हा प्रश्न बरोबर आहे, पण पट तोच आणि साप तेच, ते पुरेसं होतं.

फाशाऐवजी पाणी आणलं. दर पाळीला सोंगटी दोन घरं चालते, पाण्याची एक निळी टिकली घेतली तर चार घरं. उन्हात फिरणाऱ्या माणसाला पाणी प्यायलं की बळ येतं तेवढंच, साधं आहे. घेतलेली टिकली आपल्यासमोरच्या वाटीत ठेवायची, पाच टिकल्या जमल्या की टॉयलेटच्या घरात जाऊन वाटी रिकामी करायला लागते, नाही केली तर सोंगटी परत घरी म्हणजे पहिल्या घरात, आणि गेलेला वेळ म्हणजे बुडालेली मजुरी. हा नियम सगळ्यांना सारखा. पट सारखा, चाल सारखी. फरक एकच, पटावरच्या टॉयलेटच्या घरांचे नियम पुरुषाच्या सोंगटीला वेगळे आणि बाईच्या सोंगटीला वेगळे, आणि ते आम्ही मनाने लिहिले नाहीत, खऱ्या ठिकाणी जाऊन बघून कार्डांवर उतरवले. एका घरात बायकांची बाजू कुलूप लावलेली आणि किल्ली शेजारच्या दुकानात, म्हणजे एक पाळी किल्ली मागण्यात गेली. एका घरात पाच रुपये आणि सुट्टे नसतील तर प्रवेश नाही. एका घरात कडी लागत नाही म्हणून बरोबर दुसरी बाई असेल तरच आत जायचं. एका ठिकाणी पाणी बाहेरच्या पिंपात, बादली उचलून आत न्यायची, मग कडेवर मूल असलेल्या सोंगटीला ते घर बाद. एका ठिकाणी रात्री नऊनंतर बंद, आणि रात्रपाळीची सोंगटी तर साडेनऊला निघते. पॅड टाकायला डबा नाही, बॅग अडकवायला खुंटी नाही, दाराशी दोन पायऱ्या आणि व्हीलचेअरला रॅम्प नाही. आणि वाटेत ठिकठिकाणी पुरुषांच्या मुताऱ्या, फुकट, उघड्या, एक पाळीही न घालवता.

खेळायला बसलेल्यांना कुणी काही समजावून सांगायला लागत नाही. दोन-चार पाळ्यांत बाईची सोंगटी चालवणारा माणूस, मग तो कुणीही असो, पाणी घेणं बंद करतो. कुणी सांगितलेलं नसतं, पटावर तोच एक शहाणपणाचा मार्ग उरतो. आणि तो दोन-दोन घरं सरकत राहतो. बाहेर पडताना पाणी न पिणं हे आपल्या आया-मावश्यांनी, नोकरी करणाऱ्या पोरींनी, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला पोलिसांनी कधीपासून करून ठेवलंय, ती त्यांची सवय आहे असं आपण समजतो, पण ती सवय नव्हे, नियमांनी उरवलेली एकच चाल आहे. मग त्या चालीची किंमत यायला पाहिजे म्हणून लाल मणी आणला, पाण्याशिवाय गेलेल्या दर पाळीला एक मणी, आणि मणी साठले की साप, युरिन इन्फेक्शन, डॉक्टर, दोन दिवस घरी. लघवी तासन्‌तास अडवून धरली, पाणी कमी प्यायलं की इन्फेक्शनचा धोका वाढतो हे कुठलाही डॉक्टर सांगेल. म्हणजे प्यायलं तरी अडकते आणि नाही प्यायलं तरी अडकते. पण सगळ्यात बोलकी गोष्ट समोरच्या बाजूला घडते, पुरुषाची सोंगटी चालवणाऱ्याला टॉयलेटच्या घरांचे नियम लक्षातही राहत नाहीत, कारण त्याला ते वाचायची वेळच येत नाही. तो शंभराव्या घरात पोहोचतो आणि विचारतो, हे कार्ड कसले होते?

सापांना आम्ही परत नावं दिली. मोक्षपटावर अवगुणांची नावं होती, इथे निर्णयांची, आणि जमेल तिथे निर्णय कुठल्या टेबलावर झाला त्याचंही नाव. रात्री बंद ठेवण्याचा साप वॉर्ड ऑफिसचा, पैशाचा साप कंत्राटाच्या अटींचा, कडी तुटून महिनोन्‌महिने तशीच राहण्याचा साप देखभालीच्या बिलाचा. माणसाचं नाव नाही, खुर्चीचं नाव. आणि केअरटेकरला साप करायचं नाही यावर मी अडून बसले होते. कित्येक ठिकाणी तो माणूस बायको-पोरांसह तिथेच वरच्या खोलीत राहतो, त्याच्या हातात पगार किती पडतो, वरून रोजचा गल्ला किती मागितला जातो हे बघितलं तर बाईकडून पाच रुपये घेणारा हात त्याचा असला तरी नियम त्याचा नाही. त्याची वेगळी सोंगटी ठेवली, तिलाही शंभराव्या घरात जायचंय.

म्हणजे खेळ बनवणं हीच खरी तपासणी झाली. अर्ज लिहिताना "सुविधांचा अभाव आहे, तरी त्वरित कार्यवाही व्हावी" असं एका वाक्यात गुंडाळता येतं, खेळात तसं चालत नाही, खेळात नियम नेमका लिहावा लागतो, किती वाजता बंद, किती पैसे, किल्ली कुणाकडे, नाही तर डाव अडतो आणि समोरचा भांडायला लागतो.

आता या प्रकाराचे धोकेही आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला धोका म्हणजे खेळ उलटंच शिकवून जातो, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात होतं. लहानपणी सुट्टीत आपण 'व्यापार' खेळलो, मुंबई विकत घ्यायची, भाडं वसूल करायचं, समोरच्याचं दिवाळं काढायचं. तो ज्या मोनोपॉलीवरून आला तिचं मूळ म्हणजे अमेरिकेतल्या लिझी मॅगी नावाच्या बाईंनी बनवलेला 'लँडलॉर्ड्स गेम', पेटंट १९०४ चं. मॅगी हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या विचारांच्या होत्या, जमीन अडवून बसणारा काही न करता श्रीमंत होतो आणि बाकीचे भाडं भरून कंगाल होतात हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी खेळ केला, आणि त्यासाठी नियमांचे दोन संच ठेवले, एक मक्तेदारीचा, ज्यात एक जिंकतो आणि बाकी बुडतात, आणि दुसरा ज्यात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळतो. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली, मॅगींच्या हातात ५०० डॉलर पडले, आणि दुसरा संच गायब झाला. उरला तो पहिला. ज्या खेळाने मक्तेदारी वाईट हे शिकवायचं त्याने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना मक्तेदारीची मजा शिकवली. म्हणून मी म्हणते की नुसता अन्याय दाखवणारा पट करू नका, दुसरा संच पेटीतच द्या आणि तो खेळल्याशिवाय खेळ संपत नाही असा नियम करा.

दुसरा धोका याहून अंगावर येणारा. जर्मनीच्या फाबियान ब्रुन्सिंगने २००८ मध्ये एक बाकडं केलं, त्यावर लोखंडी खिळे वर आलेले, अर्ध्या युरोचं नाणं टाकलं की खिळे खाली जातात, तुम्ही बसता, वेळ संपत आली की इशारा वाजतो आणि खिळे परत वर. बागेतलं बाकडंसुद्धा एक दिवस पैसे मागेल, असं सांगणारी ती टीका होती. २०१० मध्ये बातम्या आल्या की चीनमध्ये शानडोंगमधल्या यानताई शहरातल्या एका बागेने तसलीच बाकडी खरोखर बसवायला घेतली, लोक जास्त वेळ बसतात म्हणून. इकडे मुंबईतही २०१८ मध्ये फोर्टात एका बँकेच्या शाखेबाहेरच्या ओट्यावर टोकदार खिळे लावलेले सापडले, लोकांनी आरडाओरडा केल्यावर काढले गेले. हे का झालं असेल याचा मी बराच विचार केला. ते बाकडं बसणाऱ्याची अडचण फार छान दाखवतं, पण कुणी लावलं, कुणाच्या निर्णयाने, ते त्यात कुठेच नाही. यंत्र आहे, मालक नाही. मग बघणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात टीका दिसण्याऐवजी मशीन दिसलं तर नवल काय. सापांना खुर्चीची नावं द्यायचा आमचा हट्ट यातून आला.

तिसरा धोका चांगल्या हेतूचा आहे. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाचं चक्र निघालं होतं, मुलांनी गोल गोल फिरवायचं आणि त्याच फिरण्याने जमिनीतलं पाणी वर टाकीत चढायचं, टाकीच्या बाजूंवर जाहिराती. ऐकायला इतकं सुंदर की २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी एक कोटी चौसष्ट लाख डॉलरची घोषणा झाली, २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे ठरले. मग एका ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशेब मांडला की जेवढ्या लोकांना पाणी द्यायचं म्हणताय तेवढ्यासाठी मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. मुलं शाळेत गेली किंवा दमली की गावातल्या बायकाच ते जड चक्र ढकलायच्या, हातपंपापेक्षा जास्त कष्टाने. पाणी पुरवणं ही सरकारची जबाबदारी होती, ती खेळाच्या नावाने मुलांच्या अंगावर टाकली गेली. त्यामुळे मी या बाबतीत कडक आहे, खेळाने सोय पुरवायचा आव आणू नये. हा पट लावल्याने एकही टॉयलेट उघडणार नाही, आणि कुणी तो सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेल्या, पैशातून शाळाशाळांत वाटून "जागृती" केली असं म्हणत असेल तर त्याला द्यायचाच नाही.

कारण शाळेतल्या मुलींना जागृतीची गरज नाही. त्यांना सगळं माहीत आहे, त्या सकाळपासून दुपारपर्यंत दाबून धरतात. एसटी स्टँडवरच्या बाईला पण माहीत आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, बायका भरपूर प्रवास करायला लागल्या, चांगलीच गोष्ट झाली, पण बऱ्याच स्टँडवर टॉयलेटच्या दाराशी आजही पैसे मागतात, पाटीवर लघवी मोफत लिहिलेलं असलं तरी. तिकिटात वाचलेले पैसे तिथे जातात असं म्हणणं अति होईल, पण प्रवास सोपा करायचा निर्णय घेणाऱ्याने प्रवासात बाईला लघवी लागते हे धरलेलं नाही हे नक्की. ज्याला माहीत नाही त्याच्यासमोर पट पसरायचा. वॉर्ड ऑफिसचे इंजिनिअर, टेंडरचा मसुदा करणारे क्लार्क, बजेटवर सही करणारे, डेपो मॅनेजर, नगरसेवक. मार्च २०२२ नंतर बरीच वर्षं मुंबई-पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा तर तक्रार घेऊन जायला निवडून आलेला माणूसच नव्हता. आणि या सगळ्या अधिकाऱ्यांच्या, नगरसेवकांच्या हातात सोंगटी बाईचीच द्यायची, पहिला डाव पूर्ण खेळवायचा, पाणी सोडावं लागलं की थांबवून काही बोलायचं नाही.

मग दुसरा डाव. त्याच पटावर, तेवढ्याच टॉयलेटमध्ये, एकही नवीन घर न बांधता, खेळणाऱ्यांनी मिळून तीन नियम बदलायचे आणि परत खेळायचं. लोक काय बदलतात ते बघण्यासारखं असतं, बांधकामाचं कार्ड मागतात, ते नाहीच म्हटल्यावर शांत होतात आणि मग बारीक गोष्टी निघायला लागतात. बायकांकडून लघवीचे पैसे घ्यायचे नाहीत ही अट कंत्राटात. बाजार सुरू असेपर्यंत टॉयलेट उघडं. किल्ली दुकानात ठेवायची नाही. कडी, खुंटी, डबा, बल्ब तुटल्यावर किती दिवसांत दुरुस्त करायचं ते देखभालीच्या बिलाला जोडायचं. फी काढली तर कंत्राटदाराचं उत्पन्न बुडेल हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे, तेवढे पैसे पालिकेने भरायला पाहिजेत, पुरुषांच्या मुतारीची सफाई आज जशी होते तशीच. तीन नियम बदलून खेळलं की बाईची सोंगटी पाणी प्यायला लागते. पुरुषाच्या सोंगटीचं काही कमी होत नाही. हे आकडेवारीच्या रिपोर्टमधून इतक्या लवकर गळी उतरत नाही.

काही लोक म्हणतात की हे दुःख आहे, त्याचा खेळ करणं बरं दिसत नाही. मला उलटा अनुभव येतो. बाई नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन पाण्याबद्दल बोलते, रस्त्याबद्दल बोलते, चार पुरुषांसमोर लघवीबद्दल बोलताना तिचा आवाज बसतो, आणि समोरचेही खाली बघतात, विषय आटपतात. पटासमोर तीच बाई मोठ्याने सांगते, माझ्या पाच टिकल्या झाल्या, मला इथे जाऊ देत नाहीत, हा नियम चूक आहे. आणि पुरुष अधिकारीही त्याच शब्दांत उत्तर देतो. लाज मधून बाजूला होते म्हणून मग पैशाबद्दल, वेळेबद्दल, कंत्राटाबद्दल भांडता येतं, आणि भांडण त्यावरच व्हायला पाहिजे. मात्र हाच पट कुठल्या गॅलरीत काचेखाली मांडला, बक्षीस मिळालं, लोकांनी फोटो काढले, की तो मेला. त्याला हात लागले पाहिजेत, कोपरे मळले पाहिजेत, एखाद्या साहेबाने चिडून सोंगटी आपटली तरी चालेल.

दुसऱ्या गावात कुणाला हा करायचा असेल तर आमचा पट तसाच उतरवून घेऊ नका, मुंबईचे साप सोलापूरला लागू पडणार नाहीत, तिथले वेगळे असतील. आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांसोबत एक फेरी मारा, प्रत्येक टॉयलेटसमोर थांबून नियम काय ते विचारा, लिहिलेला आणि न लिहिलेला दोन्ही, आणि तेवढीच घरं भरा.

आमच्या पटावर एक सोंगटी अजून नुसतीच ठेवलेली आहे, तृतीयपंथी व्यक्तीची. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या, निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांच्यासाठी वेगळ्या सार्वजनिक टॉयलेटची सोय करा असं केंद्राला आणि राज्यांना सांगितलं होतं. आम्ही ज्या ठिकाणांवरून घरं भरली तिथे मात्र दोनच दारं होती, आणि कुठल्या दाराने गेलं तर काय होतं, कोण हाकलतं, कोण काय बोलतं, कुठे निमूटपणे जाऊ देतात, हे आम्ही आमच्या मनाने लिहिलं तर तो आमचा अंदाज असेल. गटातल्या एकीचं म्हणणं आहे की तोवर पट छापून घेऊ, ती सोंगटी पुढच्या खेपेला घालू. माझा त्याला विरोध आहे, कारण सध्याच्या टॉयलेटांचे नकाशे काढतानाही कुणीतरी असंच म्हटलं असणार. ज्यांना त्या दोन दारांसमोर रोज उभं राहावं लागतं त्यांना बोलावून, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन, ते नियम त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे आणि मगच कापड छपाईला द्यायचं, असं मी सांगितलंय.